एपिस्कोपल धर्मप्रांताचा कारभार आणि हिशेब : नव्या प्रतिनिधींसाठी मार्गदर्शक

मंडळीच्या वार्षिक सभेत कोणीतरी तुमचे नाव सुचवते, दुसरा अनुमोदन देतो आणि पाच मिनिटांत तुम्ही धर्मप्रांताच्या, म्हणजे एका बिशपांच्या हाताखालील सगळ्या मंडळ्यांच्या, अधिवेशनाचे प्रतिनिधी झालेले असता. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांवर हा प्रसंग येऊ शकतो, कारण आपले सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) आणि येथील एपिस्कोपल चर्च ही दोन्ही अँग्लिकन परिवारातील चर्चेस आहेत आणि नाशिक, पुणे, कोल्हापूर किंवा अहिल्यानगरहून आलेला सभासद येथील मंडळीत लवकर रुळतो. प्रभुभोजनाचा विधी ओळखीचा असतो, बिशप ओळखीचे असतात. कारभार मात्र ओळखीचा नसतो. अधिवेशनाच्या काही आठवडे आधी अंदाजपत्रक, ठराव, उमेदवारांची माहिती आणि समित्यांचे अहवाल असलेली जाडजूड पुस्तिका येते, आणि ती कोठून वाचायला घ्यावी हे सांगणारे कोणी भेटत नाही.

माझ्या पहिल्या अधिवेशनात मी ती पुस्तिका आदल्या रात्री चाळली होती आणि अंदाजपत्रकाच्या बाजूने सर्वांबरोबर हात वर केला होता. पुढे काही वर्षे मंडळीच्या हिशेबाचे काम पाहिल्यावर त्या हाताची किंमत कळली. अमेरिकेत चर्चला इतर धर्मादाय संस्थांप्रमाणे दरवर्षी आयकर खात्याकडे फॉर्म ९९० हे वार्षिक विवरणपत्र भरावे लागत नाही, आणि आपल्याकडे सार्वजनिक विश्वस्त संस्थांवर धर्मादाय आयुक्तांची जशी देखरेख असते तशी देखरेख येथे चर्चवर नाही. त्यामुळे धर्मप्रांताच्या पैशावर बाहेरून नजर ठेवणारे फारसे कोणी नसते. नजर ठेवायची ती आतल्याच माणसांनी, आणि प्रतिनिधी त्यांपैकी एक असतो. हा लेख त्या कामासाठी आहे.

पहिली पायरी : आपला धर्मप्रांत आणि त्याचे नियम ओळखा

एपिस्कोपल चर्चमध्ये शंभरावर धर्मप्रांत आहेत आणि प्रत्येकाची स्वतःची घटना व स्वतःचे नियम आहेत. एका राज्यात एकच धर्मप्रांत असेल असेही नाही. मराठी माणसांना जवळचे उदाहरण घ्यायचे तर एडिसनची मंडळी न्यू जर्सी धर्मप्रांतात मोडते आणि जर्सी सिटीची नेवार्क धर्मप्रांतात. पहिला धर्मप्रांत १७८५ चा आहे आणि दुसरा १८७४ मध्ये त्यातून वेगळा झाला. गाडीने अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर असलेल्या या दोन मंडळ्या वेगळ्या बिशपांच्या हाताखाली येतात, वेगळ्या अधिवेशनांना प्रतिनिधी पाठवतात आणि त्यांचे पैसे वेगळ्या अंदाजपत्रकांत जातात. सीमा कायमच्या नसतात, हेही लक्षात असावे. विस्कॉन्सिनमधील तीन धर्मप्रांत २०२४ मध्ये पुन्हा एक झाले, आणि त्याच वर्षी मिशिगनमधील दोन धर्मप्रांत मिळून ग्रेट लेक्स धर्मप्रांत झाला. लहान धर्मप्रांतांना स्वतंत्र बिशप आणि कार्यालय परवडेनासे होणे हे अशा एकत्रीकरणामागचे एक मोठे कारण असते, म्हणजे सीमेचा प्रश्न शेवटी हिशेबाशीच येऊन भिडतो.

नियमांचे दोन थर आहेत. वरचा थर संपूर्ण चर्चच्या घटनेचा आणि कॅनन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नियमांचा. तो दर तीन वर्षांनी भरणारे सर्वसाधारण अधिवेशन ठरवते. खालचा थर धर्मप्रांताच्या स्वतःच्या घटनेचा आणि कॅननांचा. तो तुमचे वार्षिक अधिवेशन ठरवते. खालच्या थराने वरच्या थराच्या विरोधात जाता येत नाही. (नवख्याचा येथे एक हमखास गोंधळ होतो : कॅनन हा शब्द नियमालाही लागतो आणि काही पाळकांच्या पदवीलाही. बिशपांच्या मुख्य सहायकाला ‘कॅनन टू द ऑर्डिनरी’ म्हणतात, तेव्हा तेथे माणूस अभिप्रेत असतो.) दोन्ही थर संकेतस्थळांवर मोफत मिळतात. सगळे वाचण्याची गरज नाही. धर्मप्रांताच्या नियमांतील अधिवेशन, स्टँडिंग कमिटी (बिशपांची निवडून आलेली सल्लागार समिती), असेसमेंट (मंडळीने धर्मप्रांताला द्यायचा वाटा) आणि मालमत्ता ही चार प्रकरणे वाचली तरी निम्मे काम होते.

सामान्य सभासदाला येथे मत का असते याचे मूळ अमेरिकन क्रांतीत आहे. इंग्लंडशी संबंध तुटल्यावर येथील अँग्लिकन मंडळ्यांना ना राजा राहिला ना बिशप. फिलाडेल्फियाचे पाळक विल्यम व्हाइट यांनी १७८२ मध्येच असा विचार मांडला होता की पाळक आणि सामान्य सभासद यांनी निवडलेल्या प्रतिनिधींनी मिळून चर्च चालवावे. कनेक्टिकटच्या सॅम्युएल सीबरी यांनी १७८४ मध्ये स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे बिशपपदाची दीक्षा घेतली, १७८५ मध्ये पहिले सर्वसाधारण अधिवेशन भरले आणि १७८९ मध्ये घटना मंजूर झाली. बिशपांचे एक सभागृह आणि पाळक व सामान्य सभासदांचे दुसरे, ही रचना तेव्हापासूनची आहे. त्या दुसऱ्या सभागृहात स्त्रियांना मात्र १९७० पर्यंत जागा नव्हती.

दुसरी पायरी : कोणाच्या संमतीशिवाय काय होत नाही, ते पाहा

धर्मप्रांताचा तक्ता काढायला बसलात तर बिशप वर आणि बाकी सगळे खाली असे चित्र निघेल, आणि ते दिशाभूल करणारे असेल. कोण कोणाच्या वर आहे यापेक्षा कोण कोणाच्या संमतीशिवाय पुढे जाऊ शकत नाही, हे विचारले की कारभार खऱ्या अर्थाने समजतो.

बिशप धर्मप्रांताचे मुख्य पाळक असतात. दीक्षा देणे, मंडळ्यांना भेटी देणे, पाळकांच्या नेमणुकांत लक्ष घालणे आणि अधिवेशनाचे अध्यक्षस्थान भूषवणे ही त्यांची कामे. वार्षिक अंदाजपत्रक मंजूर करण्याचा अधिकार अधिवेशनाचा. काही धर्मप्रांतांत तो अधिकार किंवा त्यातील फेरबदलाचा अधिकार डायोसिसन कौन्सिलकडे असतो. कौन्सिल म्हणजे दोन अधिवेशनांच्या मधल्या काळात कारभार चालवणारी कार्यकारी समितीच. खजिनदार हिशेब सांभाळतात. चॅन्सलर हे धर्मप्रांताचे वकील असतात. त्यांचा विद्यापीठाच्या कुलपतीशी काही संबंध नाही.

स्टँडिंग कमिटीकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण नवे प्रतिनिधी तिच्या निवडणुकीत ओळखीच्या नावावर शिक्का मारून मोकळे होतात, आणि ही समिती धर्मप्रांतातील सर्वांत वजनदार समिती आहे. चर्चच्या घटनेनुसार ती प्रत्येक धर्मप्रांतात असावीच लागते. तिच्यात पाळक आणि सामान्य सभासद असतात, ती बिशपांची सल्लागार असते, आणि बिशपपद रिकामे झाले तर धर्मप्रांताचा अधिकार तिच्याकडे जातो. दीक्षेच्या उमेदवारांना तिची मान्यता लागते. मंडळीची स्थावर मालमत्ता विकायची किंवा गहाण टाकायची असेल तर बिशप आणि स्टँडिंग कमिटी या दोघांची लेखी संमती आधी घ्यावी लागते.

हा नियम बिशपांनाही बांधतो. लॉस एंजेलिस धर्मप्रांतात २०१५ मध्ये न्यूपोर्ट बीच येथील सेंट जेम्स चर्चची जागा दीड कोटी डॉलरना बांधकाम व्यावसायिकाला विकण्याचा करार झाला. सभासदांनी तक्रार केली. चर्चच्या सुनावणी मंडळापुढे आलेल्या मुद्द्यांत स्टँडिंग कमिटीची संमती आधी घेतली होती का, हा प्रश्न अग्रभागी होता, आणि मंडळाने २०१७ मध्ये बिशपांविरुद्ध निर्णय देऊन तीन वर्षांच्या निलंबनाची शिक्षा ठरवली. स्टँडिंग कमिटीसाठी मत देताना बिशपांना आदराने पण स्पष्टपणे ‘आधी कागद दाखवा’ म्हणू शकेल अशी व्यक्ती निवडा, असे मी प्रत्येक नव्या प्रतिनिधीला सांगतो.

या समितीचे काम स्वतःच्या धर्मप्रांतापुरतेही नसते. एखाद्या धर्मप्रांताने बिशप निवडले तरी दीक्षा होण्यापूर्वी, निवड कळवल्यापासून १२० दिवसांच्या आत, देशभरातील बहुसंख्य स्टँडिंग कमिट्यांची आणि बहुसंख्य अधिकारारूढ बिशपांची संमती मिळावी लागते. हे केवळ औपचारिक नाही. फ्लोरिडा धर्मप्रांताने निवडलेल्या बिशपांना २०२३ मध्ये पुरेशा संमती मिळाल्या नाहीत आणि ती निवड रद्द झाली.

तिसरी पायरी : दानपात्रातला डॉलर कोठे जातो, त्याचा माग काढा

मंडळीचा कारभार व्हेस्ट्री पाहते. आपल्या पास्टोरेट कमिटीसारखीच ही निवडून आलेली समिती असते. तिच्यात दोन वॉर्डन (प्रमुख पदाधिकारी) असतात आणि मालमत्तेच्या बाबतीत तीच मंडळीची कायदेशीर प्रतिनिधी असते. दर शरद ऋतूत सभासद पुढच्या वर्षी किती दान देणार तो आकडा लिहून ‘प्लेज’ देतात आणि त्यावर व्हेस्ट्री अंदाजपत्रक बांधते. त्या अंदाजपत्रकातील एक मोठी ओळ धर्मप्रांताची असते. तिला कोठे असेसमेंट म्हणतात, कोठे अपोर्शनमेंट, कोठे फेअर शेअर. नाव बदलले तरी पैसा तोच. काही धर्मप्रांतांत ही रक्कम सक्तीची असते आणि काहींत मंडळी स्वतः ठरवते. दरही सर्वत्र सारखा नसतो. कोठे सरसकट टक्का असतो, तर कोठे उत्पन्न वाढेल तसा चढता टक्का.

आकड्यांत पाहू. समजा, तुमच्या मंडळीचे नियमित उत्पन्न वर्षाला तीन लाख डॉलर आहे आणि धर्मप्रांताचा दर १२ टक्के आहे, तर ३६,००० डॉलर धर्मप्रांताकडे जातील. पाळकांचे वेतन आणि निवास मिळून ८०,००० डॉलर होत असेल तर त्याच्या १८ टक्के, म्हणजे १४,४०० डॉलर, चर्च पेन्शन फंडाकडे भरावे लागतील. बिशप विल्यम लॉरेन्स यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला आणि १९१७ पासून चालू असलेला हा फंड पाळकांच्या म्हातारपणाची तरतूद आहे. ही रक्कम मंडळीने भरायची असते आणि ती थकवणे म्हणजे पाळकांचे निवृत्तिवेतन धोक्यात घालणे होय. वर्षाला हजार किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्या इतर कर्मचाऱ्यांसाठीही निवृत्तिवेतनाची तरतूद करावी लागते. या दोन ओळींतच पन्नास हजारांहून अधिक डॉलर गेले आणि अजून हीटिंगचे बिल आलेले नाही. लहान मंडळ्या असेसमेंटबद्दल का कुरकुरतात, ते येथे दिसते, आणि ती कुरकुर अधिवेशनात सन्मानाने ऐकली गेली पाहिजे.

धर्मप्रांतही वर पैसे पाठवतो. सर्वसाधारण चर्चचा, म्हणजे राष्ट्रीय पातळीवरील एपिस्कोपल चर्चचा, वाटा धर्मप्रांताच्या उत्पन्नाच्या १५ टक्के असतो. त्यातून सुरुवातीची एक ठरावीक रक्कम वगळली जाते. समजा, वगळणूक झाल्यावर धर्मप्रांताचे हिशेबात धरायचे उत्पन्न २८ लाख डॉलर राहिले, तर ४,२०,००० डॉलर द्यावे लागतील. २०१९ पासून हा वाटा सक्तीचा आहे. न देणाऱ्या धर्मप्रांताला सूट मंजूर झालेली नसेल तर सर्वसाधारण चर्चकडून अनुदान किंवा कर्ज मिळत नाही. उरलेल्या पैशातून बिशप व कार्यालयाचा खर्च, स्वतःच्या पायावर उभ्या नसलेल्या मिशन मंडळ्यांना मदत, विद्यापीठांतील सेवाकार्य, तरुणांची शिबिरे, विमा, वकिलांची फी आणि खुद्द अधिवेशनाचा खर्च निघतो.

चौथी पायरी : अंदाजपत्रक शेवटाकडून वाचा

अंदाजपत्रक हातात आले की बहुतेक जण पहिल्या ओळीपासून सुरुवात करतात आणि तिसऱ्या पानावर थकतात. त्यापेक्षा शेवटच्या ओळीपासून सुरुवात करा : वर्षाअखेर तूट आहे की शिल्लक? तूट असेल तर ती कशातून भरून काढली आहे? ‘निधीतून वर्ग’ किंवा ‘राखीव रकमेतून उचल’ अशी ओळ उत्पन्नाच्या बाजूला असेल तर ते उत्पन्न नव्हे, साठवलेल्या धान्यातून काढलेले आहे. एखाद्या वर्षी असे करावे लागते. सलग चार वर्षे तीच ओळ दिसली तर त्याबद्दल विचारायलाच हवे. त्यानंतर मागील वर्षाचे अंदाज आणि प्रत्यक्ष आकडे शेजारी ठेवा. मंडळ्यांकडून येणारी रक्कम दरवर्षी अंदाजापेक्षा कमी येत असेल आणि तरीही नव्या अंदाजात ती वाढवून दाखवली असेल, तर त्या अंदाजपत्रकात आशा मांडली आहे, हिशेब नाही.

कायम निधी (मुद्दल राखून गुंतवलेला पैसा) समजून घ्यायला थोडा वेळ द्या, कारण जुन्या धर्मप्रांतांचा मोठा भार याच निधीवर असतो. निधीतून दरवर्षी किती रक्कम काढायची याचा सूत्ररूप नियम असतो. साधारणपणे मागील तीन वर्षांच्या सरासरी बाजारमूल्याच्या चार ते पाच टक्के. निधी पहिल्या वर्षी दहा लाख, दुसऱ्या वर्षी अकरा लाख आणि तिसऱ्या वर्षी नऊ लाख डॉलर असेल तर सरासरी दहा लाख होते आणि साडेचार टक्के दराने ४५,००० डॉलर काढता येतात. सरासरी घेतल्यामुळे शेअर बाजार एका वर्षी उसळला किंवा कोसळला तरी सेवाकार्याला धक्का बसत नाही. सूत्राबाहेर जादा उचल मागितली असेल तर कारण आणि परतफेडीची मुदत, दोन्ही विचारा.

दुसरा प्रश्न निधी कोणत्या अटींवर आला हा आहे. हिशेबाच्या अमेरिकन मानकांनुसार आता निधीचे दोनच वर्ग दाखवले जातात : देणगीदाराची अट असलेले आणि अट नसलेले. कौन्सिलने स्वतःच्या ठरावाने बाजूला ठेवलेली रक्कम दुसऱ्या वर्गात मोडते, कारण कौन्सिल आपला ठराव स्वतः बदलू शकते. देणगीदाराने घातलेली अट मात्र कौन्सिल, बिशप किंवा अधिवेशन यांपैकी कोणीही मनाप्रमाणे मोडू शकत नाही. पेनसिल्व्हेनिया वगळता सर्व राज्यांनी २००६ च्या एकसमान निधी व्यवस्थापन कायद्याचा स्वीकार केला आहे आणि अट सैल करण्याचा मार्ग त्यात दिलेला आहे. तो मुख्यतः देणगीदाराच्या लेखी संमतीतून किंवा न्यायालयातून जातो.

आमच्या मंडळीत एकदा पावसाने छत गळू लागले आणि खात्यात जवळपास तेवढीच रक्कम ‘स्मृती निधी’ या नावाने पडून होती. व्हेस्ट्रीतील सर्वांचे म्हणणे होते की छतापेक्षा निकडीचे काय असणार. एका वयस्क बाईंनी कपाटातील जुनी फाइल काढायचा आग्रह धरला. तिच्यात पिवळ्या पडलेल्या कागदावर एका विधुराने हाताने लिहिलेले पत्र सापडले : ही रक्कम पत्नीच्या स्मरणार्थ ऑर्गनच्या देखभालीसाठी आहे, दुसऱ्या कशासाठीही नाही. छतासाठी आम्ही वेगळी वर्गणी काढली. तेव्हापासून अहवालात ‘इतर निधी’ असा एकच आकडा दिसला की त्यामागे किती पत्रे आहेत आणि ती कोणाकडे आहेत, हे विचारल्याशिवाय मी पुढे जात नाही.

आणखी एका ओळीबद्दल. बिशपांच्या आणि पाळकांच्या ‘डिस्क्रिशनरी फंडा’तून गरजूंना गुप्तपणे मदत दिली जाते. मदत घेणाऱ्याचे नाव जाहीर होत नाही आणि होऊ नये. पण तो पैसा चर्चचाच असतो, त्याचे खाते चर्चच्या नावाने असते आणि तो लेखापरीक्षणातून सुटत नाही. त्याचप्रमाणे पाळकांच्या निवासभत्त्यावर आयकराची सवलत हवी असेल तर भत्त्याचा ठराव भत्ता देण्याआधीच व्हेस्ट्रीने, आणि बिशपांच्या बाबतीत धर्मप्रांताच्या संबंधित समितीने, इतिवृत्तात नोंदवावा लागतो. मागील तारखेचा ठराव चालत नाही.

पाचवी पायरी : लेखापरीक्षणाची तारीख विचारा

चर्चच्या कॅननांत आर्थिक शिस्तीचे एक स्वतंत्र प्रकरण आहे आणि ते धर्मप्रांत, मंडळ्या व संलग्न संस्था या सर्वांना लागू होते. कायम निधी बँकेत किंवा मान्य संस्थेत ठेवावा आणि तो काढण्यासाठी किमान दोन सह्या असाव्यात; किरकोळ रकमा वगळता खजिनदारांचा बाँड (अपहार झाल्यास भरपाईची हमी) असावा; पुस्तके तपासता येतील अशी ठेवावीत; इमारतींचा पुरेसा विमा असावा; दरवर्षी लेखापरीक्षण व्हावे. परीक्षण स्वतंत्र परवानाधारक लेखापालाकडून किंवा धर्मप्रांताच्या वित्त समितीने मान्य केलेल्या लेखापरीक्षण समितीकडून करून घेता येते. मंडळीचा परीक्षण अहवाल तयार झाल्यापासून ३० दिवसांत आणि कोणत्याही परिस्थितीत १ सप्टेंबरपर्यंत बिशपांकडे गेला पाहिजे. सभासदसंख्या, उपासनेची सरासरी उपस्थिती आणि जमाखर्च यांचा वार्षिक पॅरोकियल रिपोर्ट १ मार्चपर्यंत द्यायचा असतो, आणि अनेक ठिकाणी पुढचे असेसमेंट याच आकड्यांवरून काढले जाते, म्हणून तो घाईने भरू नये.

हे नियम कागदावर राहिले तर काय होते, त्याचा अनुभव राष्ट्रीय पातळीवरच येऊन गेला आहे. १९९५ मध्ये असे उघड झाले की एपिस्कोपल चर्चच्या खजिनदारांनी काही वर्षांत सुमारे २२ लाख डॉलर स्वतःकडे वळवले होते. पुढच्या वर्षी न्यायालयाने त्यांना पाच वर्षांची शिक्षा दिली. विश्वासातल्या माणसाला प्रश्न विचारणे अनेकांना अवघड जाते, आणि आपल्या संस्कारात तर ते उद्धटपणाचे वाटते. परंतु चांगली पद्धत प्रामाणिक खजिनदाराचेही रक्षण करते. रविवारी उपासनेनंतर दानपात्र मागच्या खोलीत जाते तेव्हा पैसे मोजायला एका घरातल्या नसलेल्या दोन व्यक्ती बसतात. नोटा, नाणी आणि चेक वेगवेगळे मांडून प्रत्येकाची बेरीज तक्त्यावर लिहिली जाते, दोघे सह्या करतात, पिशवी तेथेच बंद होते आणि तक्त्याची एक प्रत खजिनदाराऐवजी हिशेबनिसाकडे जाते. वीस मिनिटांच्या या कामात कोणावरही संशय घेतलेला नसतो, आणि उद्या कोणी घेतलाच तर उत्तर तयार असते.

अधिवेशनात विचारायचा प्रश्न सोपा आहे : धर्मप्रांताचे शेवटचे पूर्ण झालेले लेखापरीक्षण कोणत्या वर्षाचे आहे, आणि परीक्षकांनी व्यवस्थापनाला दिलेल्या पत्रातील सूचनांवर काय केले? दोन-तीन वर्षे मागे पडलेले परीक्षण हे स्वतःच एक उत्तर असते. आपल्या मंडळीचा अहवाल पोहोचला आहे का, तेही त्याच वेळी तपासा. दुसऱ्याला विचारण्याआधी आपले घर नीट असावे.

सहावी पायरी : इमारत कोणाची, हे समजून घ्या

‘हे चर्च आमच्या वाडवडिलांनी बांधले, मग धर्मप्रांताचा काय संबंध?’ हा प्रश्न अमेरिकेतही तितक्याच तळमळीने विचारला जातो. १९७९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जोन्स विरुद्ध वुल्फ या खटल्यात म्हटले की चर्चच्या मालमत्तेचे वाद न्यायालयांना खरेदीखते, घटना आणि राज्याचे कायदे अशा तटस्थ कागदांवरून सोडवता येतील, आणि चर्चला आपला हक्क हवा असेल तर तो आपल्या नियमांत स्पष्ट लिहून ठेवावा. त्याच वर्षी सर्वसाधारण अधिवेशनाने डेनिस कॅनन म्हणून ओळखला जाणारा नियम केला : मंडळीची मालमत्ता मंडळीच्या नावावर असली तरी ती संपूर्ण चर्च आणि धर्मप्रांत यांच्यासाठी विश्वस्त म्हणून धारण केलेली आहे. मंडळी चर्चमध्ये असेपर्यंत तिच्या दैनंदिन ताब्याला यामुळे बाधा येत नाही. बाहेर पडायचे ठरल्यास मात्र इमारत बरोबर नेता येत नाही.

निदान नियम तसा आहे. राज्याराज्यांचे कायदे वेगळे असल्याने निकालही वेगळे लागले. टेक्सासमधील फोर्ट वर्थ धर्मप्रांतातील बहुसंख्य लोक २००८ मध्ये एपिस्कोपल चर्चमधून बाहेर पडले, टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मालमत्ता त्यांच्याकडे दिली आणि २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालण्यास नकार दिला. मागे राहिलेल्या मंडळ्या पुढे टेक्सास धर्मप्रांतात सामील झाल्या. अशा खटल्यांत दोन्ही बाजूंचा जो पैसा जातो तो दानपात्रातूनच आलेला असतो, म्हणून अंदाजपत्रकात कायदेशीर खर्चाची ओळ एकदम फुगलेली दिसली तर तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. महाराष्ट्रातून आलेल्यांनी एवढेच ध्यानात ठेवावे की तिकडे विश्वस्त संस्थेची स्थावर मालमत्ता विकताना धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, येथे त्या जागी बिशप आणि स्टँडिंग कमिटी उभी असते.

सातवी पायरी : अधिवेशनाला तयारीने जा, आणि परत येऊन सांगा

प्रतिनिधी साधारणपणे चांगल्या स्थितीतील प्रौढ कम्युनिकंट असावा लागतो. कॅननांनुसार सोळा किंवा त्याहून अधिक वर्षांची आणि मागील वर्षात किमान तीनदा प्रभुभोजन घेतलेली व्यक्ती प्रौढ कम्युनिकंट ठरते. उपासना, प्रार्थना, सेवा आणि दान यांत ती विश्वासू असली की चांगल्या स्थितीतील मानली जाते. नुकतेच आला असाल तर आपल्या सीएनआय मंडळीकडून बाप्तिस्मा व दृढीकरणाचे दाखले आणि सभासदत्वाचे पत्र मागवून येथील नोंदवहीत नाव घालून घ्या. ते राहिले असेल तर पहिले काम हेच.

अधिवेशनापूर्वी बहुतेक धर्मप्रांतांत विभागवार पूर्वबैठका होतात. तिकडे जाच. मुख्य सभागृहात ध्वनिक्षेपकासमोर दोन मिनिटे मिळतात, तर पूर्वबैठकीत खजिनदार समोर बसलेले असतात आणि प्रश्नाला उपप्रश्नही विचारता येतो. मला मिळालेली उपयोगी उत्तरे बहुतेक तेथेच मिळाली आहेत. ठराव मांडायचा असेल तर त्याची अंतिम तारीख काही आठवडे आधीच उलटून जाते, आणि ठरावाने पैसा लागणार असेल तर तो कोठून येणार हेही लिहावे लागते.

मतदानात ‘व्होट बाय ऑर्डर्स’ हा प्रकार समजून घ्या. त्यात पाळकांची मते वेगळी आणि सामान्य सभासदांची मते वेगळी मोजली जातात आणि दोन्ही गटांत बहुमत मिळाले तरच प्रस्ताव मंजूर होतो. बिशपांची निवड अशीच होते, म्हणून सर्व पाळकांची पसंती असलेला उमेदवारही सभासदांच्या मतांवाचून निवडून येत नाही, आणि फेऱ्यांवर फेऱ्या होतात. सर्वसाधारण अधिवेशनासाठी प्रत्येक धर्मप्रांत चार पाळक आणि चार सामान्य सभासद निवडतो. पुढील मोठे अधिवेशन २०२७ मध्ये आहे, तेव्हा कोणाला पाठवायचे हा विचार त्याआधीच्या तुमच्या अधिवेशनांत होतो.

परत आल्यावर पुढच्या व्हेस्ट्री बैठकीत एका पानाचा अहवाल द्या : अंदाजपत्रकाची एकूण रक्कम, तूट किंवा शिल्लक, असेसमेंटच्या दरातील बदल, लेखापरीक्षणाचे वर्ष, आणि स्टँडिंग कमिटीवर निवडून आलेली नावे. तो अहवाल इतिवृत्ताला जोडायला सचिवांना सांगा आणि पुस्तिका मंडळीच्या कपाटात, मागील वर्षीच्या पुस्तिकेशेजारी ठेवा. पुढच्या प्रतिनिधीला आकडे शेजारी ठेवून वाचायचे असतील तेव्हा त्याला त्या दोन्ही लागतील.